कोई घेताना विक्रेत्याकडे नेमकं काय बघायचं? कोहाकू, सान्के, शोवा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकला घरामागे १२ × ८ फुटांचा, साडेचार फूट खोल हौद आहे, म्हणजे साधारण १२,००० लिटर पाणी. फिल्टर दोन वर्षं चालू आहे, अमोनिया आणि नायट्राइट शून्य येतं. पाणी बोअरचं. सध्या सहा लोकल कोई आहेत, त्यांची काही तक्रार नाही.

आता तीन चांगले मासे घ्यायचेत: एक कोहाकू (पांढऱ्यावर लाल), एक सान्के, एक शोवा (या दोघांत काळंही). पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे १५ ते २० सेंमीचे तोसाई, म्हणजे पहिल्या वर्षातले मासे, आलेत. 'जपान लाइन आहे, चँपियन ब्लडलाइन' असं तो सांगतो. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवतोय आणि आजच ठरवा म्हणतोय. तिन्ही मिळून बजेट ४०,०००.

विचारायचं असं की मासा बघताना सुरुवात कुठून करायची? व्हिडिओवरून घेतलं तर चालेल का? मादीच घ्यावी म्हणतात, ते कितपत खरं? आणि पुण्याहून नाशिकला सुखरूप आणायचे कसे?

निळा टब

व्हिडिओवरून पसंती कळवा, पैसे देऊ नका. कारण पुढे येईलच.

दुकानात गेलं की सगळ्यांची नजर आधी लाल-पांढऱ्या नक्षीवर जाते. नक्षी सर्वांत शेवटी बघायची. आधी पाणी, मग तब्येत, मग अंगकाठी, मग कातडी, आणि या चारांतून जे उरतील त्यांच्यातच नक्षीची तुलना. हा क्रम उलटा केला की पैसे जातात.

पहिली दहा मिनिटं एकही मासा निवडू नका. टाकीपासून दोन पावलं मागे उभं राहून नुसतं बघा. निरोगी कोई घोळक्यात, संथ, छातीचे पर उघडे ठेवून फिरतात. एखादा कोपऱ्यात एकटा उभा असेल, पर अंगाशी घट्ट चिकटवून, तर त्याला काहीतरी होतंय. पाणी पडतं तिथे किंवा हवेच्या दगडाशी गर्दी करून तोंड वर काढत असतील तर एकतर ऑक्सिजन कमी आहे नाहीतर कल्ले बिघडलेत. तळाला किंवा भिंतीला अंग घासून चमकत वळणारे मासे म्हणजे परजीवी, किंवा पाण्यात अमोनिया. पाच मिनिटांत एखाद्याने एकदा घासलं तर सोडून द्या. चार-पाच मासे आळीपाळीने घासत असतील तर त्या टाकीतला एकही मासा नको. तुम्हाला आवडलेला मासा घासत नसला तरी तो त्याच पाण्यात आहे.

मग पाणी. ड्रॉपवाला टेस्ट किट स्वतःचा न्या. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच तिथेच तपासा. चांगल्या विक्रेत्याला त्याचा राग येत नाही. पृष्ठभागावर न फुटणारा फेस साचलेला असेल तर पाण्यात सेंद्रिय घाण फार आहे. पाणी निळसर किंवा हिरवट रंगवलेलं दिसलं तर कसला डोस चालू आहे आणि का, हे सरळ विचारा. जाळ्या बघा. प्रत्येक टाकीची जाळी वेगळी आहे, की एकच जाळी सगळ्या टाक्यांत फिरतेय? एकच असेल तर दुकानातल्या सगळ्या टाक्या रोगाच्या बाबतीत एकच टाकी समजा.

आणि मासे कधी आलेत ते विचारा. दोन आठवडे झाले नसतील तर आवडलेल्या माशाची आगाऊ रक्कम द्या आणि तिथेच ठेवायला सांगा. प्रवासाचा ताण आणि त्यातून उफाळणारे परजीवी बहुतेकदा पहिल्या पंधरवड्यात दिसतात. ते दुकानात दिसलेले बरे.

आता मासा टबात. निळा गोल टब, २० ते २५ सेंमी पाणी, उजेड दिवसाचा. माशाला पसरट जाळीने हळूहळू कडेला आणून पाण्यासकट टबात घेतात. जाळीत उचलून आपटत आणणारा विक्रेता असेल तर खवले निघालेले आणि पर चिरलेले मासे त्याच्याकडे असणारच. काचेच्या टाकीत बाजूने बघून कोई ठरवू नका. हा मासा वरून बघण्यासाठीच घडवलेला आहे.

टबात दोन्ही बाजू समान आहेत का हे एवढंच बघत राहा. छातीचे दोन्ही पर एकाच मापाचे, एकाच आकाराचे? पोटाखालचे दोन पर दोन्ही आहेत? (एक जन्मतःच नसलेले मासे सर्रास विकले जातात.) कल्ल्यांची झाकणं सपाट मिटतात, की एकाची कड बाहेर वळलीय? दोन्ही कल्ले सारखेच हलतात? एकच हलत असेल तर दुसऱ्या बाजूला फ्लूक (बारीक परजीवी किडा) किंवा जखम असण्याची शक्यता मोठी. तोंड सरळ, मिशांच्या दोन जोड्या, डोळे आत गेलेले नाहीत. डोळे शरीराच्या मानाने मोठे वाटत असतील तर मासा खुंटलेला आहे. मोठं डोकं, मोठे डोळे, बारीक अंग असा मासा 'तोसाई' म्हणून विकला जातो, पण वय दोन वर्षांचं असू शकतं.

कणा मासा पोहत असतानाच कळतो. शेपूट डावीकडे जितकी जाते तितकीच उजवीकडे जायला हवी. एका बाजूला झुकत पोहणारा, किंवा शेपटीजवळ किंचित ठेच लागल्यासारखा वाकलेला मासा घेऊ नका, नक्षी कितीही सुंदर असो. कणा सुधारत नाही.

शेवटी विक्रेत्याला ओल्या हाताने कल्ल्याचं झाकण उचलून दाखवायला सांगा. आतला रंग एकसारखा गडद लाल हवा. फिकट गुलाबी, तपकिरी डाग, किंवा लाल-पांढरं चट्ट्याचट्ट्यांचं दिसलं तर तिथून रिकाम्या हाताने निघा.

सुमी हळूहळू

निळा टब यांनी पाया घातलाय, मी अंगकाठी, कातडी आणि नक्षीवर येतो. लांबेल.

अंगकाठी: वरून बघितलं की सूत कातायच्या चातीचा आकार दिसला पाहिजे. मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळतं, आणि सर्वांत जाड भाग पाठीवरचा पर सुरू होतो त्याच्या जरा पुढे. नवख्याला फसवतं ते पोट. छातीच्या परांमागून अंग पायरीसारखं एकदम फुगत असेल आणि शेपटीचं मूळ काडीसारखं बारीक असेल तर मासा धष्टपुष्ट नाही, खाऊ घालून फुगवलेला आहे. लहान वयात शेपटीचं मूळ जाड, डोकं रुंद आणि छातीचे पर मोठे असतील तर पुढे वाढ होते. जपानमधल्या स्पर्धांतही परीक्षक आधी अंगकाठी बघतात, ते उगाच नाही. नक्षी बदलते, रंग कमी-जास्त होतो, हाडं तीच राहतात.

कातडी: पांढऱ्यापासून सुरुवात करा. पांढरा भाग, ज्याला शिरोजी म्हणतात, तो सोललेल्या नारळासारखा दाट आणि चकाकणारा हवा. राखाडी, निळसर किंवा खडूसारखा कोरडा नको. डोक्यावर पिवळट झाक असेल तर खाणं काय देतात ते विचारा. रंग वाढवणाऱ्या खाण्यात स्पिरुलिना आणि अॅस्टाझँथिन असतं. ते जास्त झालं की पांढरा भागही पिवळा पडतो. खाणं बदलल्यावर ही झाक बऱ्याचदा उतरते. पण तसं असेल तर लाल रंगालाही त्याच खाण्याचा टेकू आहे हे लक्षात ठेवा.

लाल, म्हणजे बेनी. गडद आहे का हा प्रश्नच चुकीचा. नाकापासून शेपटीपर्यंत एकाच छटेचा आहे का, हे बघा. तोसाईत थोडा केशरीकडे झुकणारा, जाड, एकसारखा लाल हा गडद किरमिजी लालपेक्षा भरवशाचा. १५ सेंमीच्या माशावर रंग पूर्ण पिकलेला असेल तर तो बहुतेक नर असतो, आणि आज दिसतोय तेवढाच दिसणार, पुढे फाटायचीच भीती. लाल पट्ट्यात एकेका खवल्याची कड जाळीसारखी वेगळी दिसत असेल तर रंग पातळ आहे. मधेच एखादा खवला पांढरा राहिला असेल, त्याला खिडकी म्हणतात, तर तिथे रंग भरून येईल असं गृहीत धरू नका.

आता कडा. हे एकदा डोळ्याला कळलं की अर्धी परीक्षा पास. खवले कौलांसारखे असतात: पुढच्याचं टोक मागच्याच्या मुळावर चढलेलं. म्हणून लाल पट्टा जिथे सुरू होतो, डोक्याकडच्या बाजूला, तिथे पांढऱ्या खवल्याखाली लाल खवला दडलेला असतो आणि पांढऱ्यातून गुलाबी-निळसर झाक दिसते. ही साशी. पट्टा जिथे संपतो, शेपटीकडच्या बाजूला, तिथे लाल खवला पांढऱ्यावर चढलेला असतो, म्हणून कड सुरीने कापल्यासारखी हवी. ही किवा. तोसाईत पुढची कड जराशी धूसर असणं चांगलं. लाल अजून जाड होतोय. मागची कड मात्र धूसर असेल, लाल पांढऱ्यात विरघळल्यासारखा, तर पुढे ती आखीव होत नाही. कित्येक जण नेमकं उलटं बघतात: पुढची कड धूसर म्हणून चांगला मासा सोडतात.

कोहाकू: डोक्यावरचा लाल डोळ्यांच्या रेषेपर्यंत आलेला हवा, नाकावर पांढरं उरलेलं. शेपटीआधी थोडं पांढरं राहिलं पाहिजे. मासा वाढतो तशी नक्षी ताणली जाते आणि पांढऱ्या फटी रुंदावतात, म्हणून आज छोट्या-छोट्या ठिपक्यांची 'नाजूक' नक्षी असेल तर ६० सेंमीला तो मासा रिकामा दिसतो. लहानपणी लाल थोडा जास्तच, जडच वाटावा.

सान्के आणि शोवा एकच समजून विकणारे विक्रेते आहेत, म्हणून फरक: सान्के म्हणजे पांढऱ्या अंगाचा मासा, वर लाल, त्यावर काळे डाग. काळं डोक्यावर नसतं आणि बहुतेक अंगाच्या वरच्या अर्ध्यातच राहतं. शोवा मुळात काळा मासा. काळं डोक्यावर येतं, पोटाकडून वर गुंडाळतं, आणि छातीच्या परांच्या मुळाशी काळा गोळा असतो, त्याला मोतोगुरो म्हणतात. नावं जपानच्या राजवटींवरून पडलीत: तैशो १९१२ ते १९२६, शोवा १९२६ ते १९८९.

काळा रंग, सुमी, याला घाई चालत नाही. शोवाचं काळं तोसाईत करड्या-निळ्या सावलीसारखं कातडीखाली दिसतं आणि दोन-तीन वर्षांत वर येतं. १५ सेंमीला डांबरासारखं काळंभोर, पूर्ण वर आलेलं सुमी बघून लोक भुलतात. त्यापेक्षा अर्धं वर आलेलं, अर्धं खाली दिसणारं घ्या. सान्केत मिरपूड भुरभुरल्यासारखे बारीक ठिपके नकोत; दोन-चार ठाम डाग पुरे.

तुमचं बोअरचं पाणी कडक असणार. कडक पाण्यात सुमी जोर धरतं, हा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. निगाता या जपानमधल्या कोईच्या प्रदेशाचं पाणी मऊ, त्यामुळे तिथे पांढरट वाटणारा सान्के आपल्याकडे येऊन भराभर काळा होऊ शकतो. थोडं कमी काळं असलेलाच घ्या.

तिसरा पंप

वरचं सगळं बरोबर, पण मूळ यादीच बदला असं सुचवेन.

कोहाकू, सान्के, शोवा या तिघांना मिळून गोसान्के म्हणतात आणि नेमक्या याच तिघांत दर्जा सर्वांत महाग पडतो. एका मादीच्या एका खेपेत लाखांनी अंडी असतात, आणि पैदासकार पिल्लं वेचत-वेचत मूठभर ठेवतो. शोवाची तर पहिली वेचणी अंडी फुटल्यावर काही दिवसांतच होते, काळी पिल्लं ठेवून बाकीची काढून टाकतात. १३,००० रुपयांच्या गोसान्के तोसाईत तुम्हाला चौथ्या-पाचव्या वेचणीतून उरलेला मासा मिळतो. वाईट नसतो, पण 'चँपियन ब्लडलाइन' या शब्दाला काही अर्थ राहत नाही. २०१८ साली हिरोशिमाच्या साकाई फार्मचा १०१ सेंमीचा कोहाकू लिलावात २० कोटी येनवर गेला. त्याची भावंडं कुठे गेली? बहुतेक वेचणीतच. रक्त तेच होतं.

त्यामुळे ४०,००० मध्ये मी एक बरा निसाई नर कोहाकू घेईन, ३० सेंमीच्या आसपासचा. दोन वर्षांच्या माशात कणा, कातडी, कडा यांचं बरंचसं उघड झालेलं असतं. नर मादीपेक्षा स्वस्त, रंग लवकर पक्का, आणि १२,००० लिटरमध्ये ६० सेंमीपर्यंतचा नर शोभतो. ७५-८० सेंमीची मादी वाढवायची तर पाणी जास्त लागतं आणि सहा मासे आधीच आहेत. मोठ्या माशाला १,००० लिटर धरा, म्हणजे गणित कळेल. उरलेल्या पैशांत चागोई (एकरंगी तपकिरी कोई) आणि एखादा ओचिबा (राखाडीवर तपकिरी). चागोई झपाट्याने वाढतो, हातातून खातो आणि बुजऱ्या घोळक्याला वर आणतो. त्यात नक्षी नसल्यामुळे तुम्हाला फक्त अंगकाठी बघायची असते, आणि नवख्याने डोळा तयार करायला यापेक्षा चांगला मासा नाही.

सुमी हळूहळू

निसाईचा सल्ला पटला. 'नवख्याने' मात्र खटकलं, दोन वर्षं अमोनिया शून्य ठेवणारा माणूस नवखा नसतो. :)

एक भर: ज्यांना तीन मासेच हवेत त्यांनी शोवा गाळावा. तिन्हींत तोसाई शोवा ओळखणं सर्वांत कठीण, जपानमधले जुने पैदासकारही त्यात चुकतात.

गोदाकाठ

सर्वांचे आभार, डोक्यात बराच उजेड पडला. विक्रेत्याकडून आणखी व्हिडिओ आले. तीन गोष्टी विचारायच्यात.

एक, कोहाकूच्या पांढऱ्यावर मोहरीएवढे दोन काळे ठिपके आहेत. तो म्हणतो घाण आहे, निघेल. दोन, १८ सेंमीच्या माशाला तो 'गॅरंटीड फीमेल' म्हणून ४,००० जास्त मागतोय. तीन, ब्रीडरचं सर्टिफिकेट देतो म्हणतोय. व्हिडिओ पांढऱ्या बादलीत, ट्यूबलाइटखाली काढलेत.

निळा टब

एक. घाण असेल तर ओल्या बोटाने पुसली जाते. नाही गेली तर ती शिमी, कातडीतला काळा रंग. कडक पाण्यात ती वाढते. कधी आपोआप जाते, कधी नाही. पांढऱ्याच्या मधोमध असेल तर सोडा. लाल पट्ट्याच्या कडेला एखादा ठिपका असेल आणि बाकी मासा उत्तम असेल तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही. शिवाय लाल भागातच एखादा चट्टा फुगीर, तपकिरी किंवा चमक गेलेला दिसतो का तेही बघा. तो हिक्कुईचा असू शकतो. त्यात लाल कातडीच सडत जाते आणि पट्ट्याला भोक पडतं. तसा मासा फुकट मिळाला तरी नको.

दोन. १८ सेंमीला मादीची हमी कोणीही देऊ शकत नाही. अनुभवी माणूस अंदाज बांधतो: मादीचं अंग रुंद, पर गोलसर आणि लहान वाटणारे, रंग सावकाश पिकणारा. नराचं अंग सडपातळ, रंग आधी पक्का. विणीच्या काळात नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि छातीच्या परांवर खरखरीत पांढरे दाणे येतात, पण ते मोठ्या माशात. तेव्हा 'मादी वाटते' म्हणाला तर माणूस प्रामाणिक आहे, 'गॅरंटीड' म्हणाला तर ४,००० गॅरंटी या शब्दाचे आहेत.

तीन. सर्टिफिकेटवर माशाचा वरून काढलेला फोटो, पैदासकाराचं नाव, जन्मवर्ष आणि मोजलेली लांबी नसेल तर तो कागद कुठल्याही माशाला लागू होतो. फोटो असेल तर नक्षी जुळवून बघा, कोईची नक्षी ठशासारखी असते. शिवाय 'जपान लाइन' म्हणजे जपानहून आलेला मासा नव्हे; जपानी आई-बापांची पैदास कोलकात्यात किंवा चेन्नईत झालेली असू शकते, आणि त्यात वावगं काहीच नाही, भाव तसा असला की झालं.

बादली: पांढऱ्या बादलीत मोबाइलचा कॅमेरा एक्सपोजर खाली खेचतो, त्यामुळे लाल आहे त्यापेक्षा गडद दिसतो आणि पांढऱ्यातला पिवळेपणा लपतो. त्याला सांगा: निळा टब, दुपारची सावली, फोन बरोबर वर धरून, फिल्टर आणि संगीत न लावता, एक मिनिट पोहताना. शेजारी फूटपट्टी. मग तोच मासा पुन्हा दहा-बारा दिवसांनी. दुसऱ्या व्हिडिओत रंग उतरलेला दिसला तर उत्तर मिळालं. आणि 'आजच ठरवा' म्हणणाऱ्याला उद्या फोन करा.

पाणी आधी

आणण्याचं आणि वेगळं ठेवण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. चांगला मासा बहुतेकदा इथेच मरतो.

निघायच्या आधी २४ तास खाणं बंद ठेवायला सांगा, म्हणजे पिशवीत विष्ठा आणि अमोनिया कमी. दुहेरी पिशवी, एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश ऑक्सिजन. साधी हवा भरून पिशवी बांधून देत असतील तर घेऊ नका. एका पिशवीत एकच मासा. पिशवी थर्मोकोलच्या खोक्यात आडवी, आणि मासा गाडीच्या दिशेला आडवा राहील अशी ठेवा; ब्रेक लागला की नाहीतर नाक आपटतं. पुणे-नाशिक पाच तास धरले तरी पहाटे निघा. उन्हाळ्यात आणूच नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी योग्य. पाणी गार असतं, त्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो. निगातात चिखलाच्या तळ्यांतून मासे ऑक्टोबरच्या सुमारास काढतात, त्यामुळे नवा माल त्यानंतरच येतो.

घरी आल्यावर पिशवी न उघडता क्वारंटाइन टाकीत सावलीत वीसेक मिनिटं तरंगत ठेवा. मग उघडा, मासा ओल्या हातांनी किंवा पिशवीसारख्या मऊ जाळीने उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी गटारात ओता. पिशवीत थोडं-थोडं नवं पाणी घालत तासभर बसण्याची जुनी पद्धत लांबच्या प्रवासाला घातक आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडून ताजं पाणी घातलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मासा त्यात बसलेला असतो.

क्वारंटाइनला १,००० लिटरची सिंटेक्स टाकी चालते. वर जाळी घट्ट बांधा, नवे कोई पहिल्या दोन-तीन रात्री उड्या मारतात. फिल्टरला तुमच्या हौदातला मुरलेला मीडिया (फिल्टरमधलं जिवाणू बसलेलं भरण) घाला, नवा कोरडा फिल्टर लावून काही उपयोग नाही. पहिले दोन दिवस खाणं नाही. ०.३ टक्के मीठ, म्हणजे १,००० लिटरला ३ किलो, आयोडीन नसलेलं जाडं मीठ, तीन हप्त्यांत बारा-बारा तासांनी. अमोनिया-नायट्राइट रोज तपासा. नळाचं पाणी वापरत असाल तर त्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय टाकू नका.

पहिल्याच आठवड्यात टॉर्च घेऊन अंग बघा. बारीक पारदर्शक चकत्या सरकताना दिसल्या तर त्या माशांच्या उवा. खवल्यांतून दोऱ्यासारखं काही लोंबतंय आणि मुळाशी लाल फोड असेल तर अँकर वर्म. या दोन गोष्टी आपल्याकडच्या लोकल मालात नेहमीच्या. फ्लूक डोळ्याला दिसत नाही. अंगावरचा बुळबुळीत थर काचेवर घेऊन शाळेतल्या साध्या मायक्रोस्कोपखाली १०० पटीला बघा.

क्वारंटाइनचं खरं कारण मात्र केएचव्ही, म्हणजे कोईचा हर्पिस विषाणू. १९९० च्या दशकाच्या शेवटी ओळखला गेला, २००३ साली जपानमध्येही पसरला. औषध नाही. वाचलेला मासा आयुष्यभर वाहक राहू शकतो आणि दिसायला ठणठणीत असतो. रोग साधारण १६ ते २८ अंश पाण्यात उठतो. म्हणून क्वारंटाइन गार पाण्यात केलं तर ते निव्वळ वाट बघणं झालं. टाकी २३-२४ अंशांवर चार आठवडे ठेवा. नाशिकच्या थंडीत हीटर लागेल, ३०० वॉटचे दोन-तीन आणि वर थर्मोकोलचं झाकण. शेवटच्या दोन आठवड्यांत तुमच्या हौदातला एक लोकल कोई नव्यांबरोबर सोडा. तो ठीक राहिला तर बाकीचे पाच ठीक राहतील असं मानायला जागा आहे. निर्दयपणा आहे, पण सहाच्या सहा जाण्यापेक्षा बरा.

या चार आठवड्यांत जाळी, बादली, टॉवेल, काहीही टाकीतून हौदाकडे न्यायचं नाही. रोजचं काम आधी हौदाचं, मग टाकीचं, मग हात धुणं.

गोदाकाठ

टाकीच्या फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया धरून ठेवणारे खडे) घालून ठेवायचा विचार होता, अमोनियाला आधार म्हणून. चालेल ना?

पाणी आधी

मीठ घालणार असाल तर अजिबात नाही. मिठाच्या पाण्यात झिओलाइट धरलेला अमोनिया परत सोडतो. दोन्हींपैकी एक. मुरलेला मीडिया पुरेसा घाला, झिओलाइट लागणार नाही.

गोदाकाठ

ठीक, मग मीठच. विक्रेत्याला कळवलंय: निळा टब, दिवसाचा उजेड, दहा दिवसांनी दुसरा व्हिडिओ, आणि शोवा यादीतून काढला. त्याच्याकडे ३२ सेंमीचा निसाई नर कोहाकू आहे म्हणतोय. टेस्ट किट आणि टॉर्च घेऊन शनिवारी जातो.

तिसरा पंप

जाताना माशाला खाऊ घालायला लावा. त्याच्याकडचंच खाणं, चार दाणे. पहिल्यांदा जो वर येतो त्यावर नाही, सगळ्यांनी खाल्ल्यावर जो तोंडात घेऊन दाणा परत थुंकतो त्याच्यावर नजर ठेवा. त्याचे कल्ले किंवा तोंड तपासल्याशिवाय पैसे काढू नका.